कैदी कोणाचा?



२०१८ सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयात न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी भारताकडे एक मागणी केली. विजय मल्ल्या यांना भारताच्या ताब्यात द्यायचं की नाही, हे प्रकरण त्यांच्यापुढे चाललं होतं. मल्ल्यांना मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात ठेवणार, आणि तिथली परिस्थिती माणसानं राहण्याजोगी नाही, असा त्यांच्या वकिलांचा मुद्दा होता. भारतानं बराक क्रमांक १२ ची छायाचित्रं दिली होती. न्यायाधीशबाईंचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. बराकीची चित्रफीत काढा, भर दिवसा काढा, आत खरोखर किती उजेड येतो ते मला पाहू द्या, असं त्यांनी सांगितलं. चित्रफीत गेली आणि डिसेंबरमध्ये निकाल भारताच्या बाजूनं लागला.

आपल्याकडे तेव्हा या प्रकाराची बरीच चेष्टा झाली. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. खटला केंद्रीय अन्वेषण विभागाचा, हमी भारत सरकारच्या नावानं, आणि बराक मात्र महाराष्ट्र सरकारची. तिच्या भिंतीचा चुना, तिथला संडास, दारावरचा शिपाई, वाटीतली डाळ, सगळं राज्याच्या गृह विभागाचं. जी खोली आपल्या ताब्यात नाही तिच्याबद्दल केंद्रानं परक्या देशातल्या न्यायालयाला शब्द दिला होता. आर्थर रोडची मान्य क्षमता कागदावर बरीच वर्षं ८०४ होती आणि आत तीन हजारांच्या वर माणसं असत. त्यांच्या वाट्याला किती उजेड येतो, हे लंडनहून कोणी विचारलं नाही. मुंबईहून तरी कुठं विचारलं होतं?

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वकीलसाहेब जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्यांची कामं फी न घेता करत, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक आहे. म्हणून आजचा विषय मी तुरुंगाचा निवडला. पण तुरुंगातल्या हालांचा नाही. ते पुष्कळांनी सांगितले आहेत. मला बोलायचं आहे ते जबाबदारीच्या वाटणीबद्दल. तुरुंग चालवायचा कोणी, त्याचा खर्च उचलायचा कोणी, आणि आत काही बिघडलं तर जाब विचारायचा कोणाला?

राज्यघटनेचं उत्तर एका ओळीत आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत चौथी नोंद तुरुंगांची. तुरुंग, सुधारगृहं, बोर्स्टल संस्था, तिथं ठेवलेली माणसं, सगळं राज्यांकडे. ही वाटणी घटनाकारांनी नव्यानं केलेली नाही, ती इंग्रजी अमदानीतून आली. १८३५ मध्ये मेकॉलेनं सूचना केली आणि त्यावरून पुढे तुरुंगांची पहिली मोठी चौकशी झाली, १८९४ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला, पण कारभार प्रांतांकडेच राहिला. १९१९ च्या सुधारणांमध्ये शिक्षण आणि आरोग्य लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांना मिळालं. पोलीस आणि तुरुंग मात्र गव्हर्नरनं ‘राखीव’ म्हणून स्वतःच्या मुठीत ठेवले. १९३५ च्या कायद्यानं तेही मंत्र्यांच्या हाती आले.

आले खरे, पण किती? १९३७ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि राजकीय कैद्यांची सुटका हा त्यांचा जाहीर शब्द होता. संयुक्त प्रांतात गोविंद वल्लभ पंत आणि बिहारमध्ये श्रीकृष्ण सिंह यांनी उरलेल्या कैद्यांना एकदम सोडायचं ठरवलं, तेव्हा व्हाइसरॉयनं शांततेला धोका असल्याचं कलम काढून गव्हर्नरांकरवी ते अडवलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये दोन्ही मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. दहाएक दिवसांनी तडजोड झाली, एकेका कैद्याचं प्रकरण तपासून सुटका करायचं ठरलं आणि मंत्री परत आले. तुरुंग प्रांताचा, जेलर प्रांताचा, खर्च प्रांताचा, आणि कैदी सोडायचा की नाही ते दिल्ली ठरवणार! आपल्या आजच्या दुखण्याचं मूळ या प्रसंगात दिसतं, म्हणून तो सांगितला.

राज्यघटनेनं तुरुंग राज्यांना दिले, पण फौजदारी कायदा आणि त्याची प्रक्रिया समवर्ती सूचीत ठेवली. म्हणजे गुन्हा कशाला म्हणायचं, जामीन कधी द्यायचा, शिक्षा किती, हे बहुतांशी संसद ठरवते. अमली पदार्थांचा कायदा, बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायदा, पैशांच्या अफरातफरीचा कायदा हे सगळे केंद्राचे, आणि यांतला जामीन कठीण. पकडणारे कधी राज्याचे पोलीस, कधी एनआयए, ईडी किंवा सीबीआय. कोठडी सुनावणारं न्यायालय. आणि या सगळ्यांनी धाडलेला माणूस दारात आला की अधीक्षकाला ‘जागा नाही’ म्हणता येत नाही. रुग्णालय खाट नाही म्हणून माणूस परत पाठवतं, शाळा प्रवेश बंद झाले म्हणते. तुरुंगाला ती सोय नाही. आत कोण येणार ते त्याच्या हाती नाही, बाहेर कधी जाणार तेही नाही. २०२२ अखेरचे राष्ट्रीय आकडे आहेत: देशभरातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६, आत माणसं ५,७३,२२०, आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. नीट पाहा, क्षमता जितकी तितके जवळपास कच्चे कैदीच आहेत. शिक्षा झालेला प्रत्येक माणूस त्यावरची भर. ही गर्दी राज्याच्या तुरुंग खात्यानं केलेली नाही, आणि ती कमी करणंही त्याच्या हातात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे तुरुंग राज्याचा आहे, कैदी मात्र कोणाचाच नाही. वाटणी इमारतीची झाली, आतल्या माणसाची झाली नाही.

याचं जुनं आणि आपल्या भाषेशी जोडलेलं उदाहरण देतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राच्या भारत संरक्षण नियमांखाली प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. लिहायला राज्य सरकारची परवानगी होती. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायचं म्हटल्यावर मात्र राज्य सरकारनं नकार दिला. स्थानबद्ध केलं ते केंद्राच्या नियमाखाली, स्थानबद्धतेच्या अटी राज्याच्या आदेशात, आणि पुस्तक बाहेर पाठवू नये असं दोन्हींत कुठंच लिहिलेलं नाही. तरीही नाही म्हणायला राज्याला संकोच वाटला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी निकाल दिला की नियमानं जे काढून घेतलेलं नाही ते स्थानबद्धाकडे राहतंच. अणूची रचना समजावणारं मराठी पुस्तक तुरुंगाबाहेर जाऊ नये म्हणून आपलं सरकार दिल्लीपर्यंत गेलं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

सुटकेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. शिक्षेत सूट देण्याचा अधिकार ‘समुचित सरकार’चा, असं कायदा म्हणतो. हे सरकार कोणतं, यावर बिल्किस बानो प्रकरणात काय झालं ते आठवा. गुन्हा २००२ चा, गुजरातमधला. तपास सीबीआयचा. निष्पक्ष सुनावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयानं खटला मुंबईला आणला आणि २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं जन्मठेप सुनावली. पुढे कैदी गुजरातच्या तुरुंगात होते. तिथल्या सरकारनं आपल्या १९९२ च्या धोरणानुसार १५ ऑगस्ट २०२२ रोजी अकरा जणांना सोडलं. तपास केंद्रीय यंत्रणेचा असल्यामुळे केंद्रीय गृह मंत्रालयाची संमतीही घेतली होती. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली. कारण स्पष्ट होतं. शिक्षा ज्या राज्यातल्या न्यायालयानं दिली त्या राज्याचं सरकार समुचित, म्हणजे महाराष्ट्राचं. गुन्हा कुठं घडला किंवा कैदी कुठं ठेवला आहे, याला इथं महत्त्व नाही. गुजरातला हा अधिकार नव्हताच.

निकाल योग्यच होता असं माझं मत आहे. तरी पाहा, एका राज्यानं सोडलं, केंद्रानं मान डोलावली, आणि ज्या राज्याचा अधिकार होता त्यानं निर्णय घेतलाच नाही. महाराष्ट्रानं आपण होऊन ‘हा अधिकार आमचा’ असं का म्हटलं नाही? ते मला आजही कळलेलं नाही. अधिकार मिळवायला सरकारं भांडतात. जो अधिकार वापरला तर बोल लागणार, तो शेजाऱ्याच्या अंगणात पडलेला असला तर तसाच पडू देतात. 

पैशाच्या बाबतीत हे उलटं होतं, तिथं प्रत्येकाला दुसऱ्याची जबाबदारी अगदी स्वच्छ दिसते. अजमल कसाबला आर्थर रोडमध्ये ठेवलं तेव्हा खास कक्षाच्या पहाऱ्याला भारत-तिबेट सीमा पोलिसांची तुकडी आली. हे दल केंद्राचं. पुढे या पहाऱ्याचं काही कोटींचं बिल त्या दलानं महाराष्ट्र सरकारकडे पाठवलं. महाराष्ट्राचं म्हणणं, हल्ला देशावर होता, तर बिल आम्हाला कशाला? केंद्राचं म्हणणं, दल मागवलं तुम्ही, तुरुंग तुमचा. युक्तिवाद दोन्ही बरोबर, हीच तर पंचाईत आहे. कसाबच्या बाबतीत निदान बिल तरी फाटलं. केंद्रीय यंत्रणांनी पकडलेली इतर माणसं वर्षानुवर्षं राज्याच्या तुरुंगात राहतात, त्यांचं जेवण, औषध, पहारा राज्याच्या अर्थसंकल्पातून जातो, आणि त्याचं बिल कोणी कोणाला पाठवत नाही.

आता राज्याच्या आत या. केंद्र आणि राज्य यांच्याबद्दल सगळे बोलतात, पण कैद्याचा दिवस ज्यामुळे बरा-वाईट जातो ती वाटणी बहुतेक राज्याच्या आतलीच असते. तुरुंग खात्याचं मुख्यालय पुण्यात. बराकीचं छत गळलं तर दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाची. डॉक्टर यायचा तो आरोग्य विभागाकडून. कोर्टाच्या तारखेला कैद्याला न्यायचं ते पोलीस मुख्यालयातून आलेल्या पार्टीनं, आणि पार्टी तुरुंग खात्याच्या हुकमातली नाही. गणपती, निवडणूक, मोर्चा, कुणा मंत्र्याचा दौरा, काहीही निघालं की पार्टी मिळत नाही आणि तारीख हुकते. न्यायाधीश विचारतात आरोपी कुठं आहे, तुरुंग सांगतो पार्टी मिळाली नाही, पोलीस सांगतात मनुष्यबळ नाही. तिघंही खरं बोलतात, आणि कैद्याला पुढची तारीख मिळते. व्हिडिओवरून हजेरी सुरू झाल्यापासून तारखा कमी हुकतात हे खरं. पण वकिलाशी दोन शब्द बोलायची, नातेवाईकांचा चेहरा बघायची कोर्टाच्या आवारातली संधीही त्याबरोबर गेली.

तालुक्याला गेलात तर याहून नवल. तिथल्या दुय्यम कारागृहाचा अधीक्षक असतो तहसीलदार. सातबारा, दुष्काळाची मदत, निवडणुकीच्या याद्या आणि रेशन सांभाळता सांभाळता त्याच्या नावावर कोठडीही असते. पहारा पोलिसांचा. कैदी पळाला की पहिले दोन दिवस जातात ते कोणाचा शिपाई झोपला होता हे ठरवण्यात. मी एका तहसीलदारांना विचारलं होतं, कोठडी पाहायला किती वेळा जाता? ते हसले आणि म्हणाले, ‘पाहुणे वाढले की कळवतात मला.’ त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. महसुलाच्या माणसाला तुरुंग कसा चालवायचा हे कोणी शिकवलेलं नसतं.

दिल्लीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं पोलीस केंद्राचे. विधानसभेच्या अधिकारातून कायदा-सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे विषय वगळले, तुरुंग वगळला नाही. तेव्हा तिहार दिल्ली सरकारचा. १९६६ पर्यंत तो पंजाबचा होता. तिथल्या पहाऱ्याला अनेक वर्षं तमिळनाडूच्या विशेष पोलिसांची तुकडी आहे, कारण आतल्या टोळ्यांशी भाषेची जवळीक नसलेला पहारेकरी बरा. आणि २०२४ मध्ये दिल्लीचे मुख्यमंत्रीच केंद्रीय यंत्रणेच्या खटल्यात आपल्याच सरकारच्या तुरुंगात होते. वाटणीचं याहून नेमकं चित्र कल्पनेनं रंगवता आलं नसतं.

मग उपाय काय? आजवर समित्या थकल्या आहेत सांगून. न्यायमूर्ती मुल्ला समितीनं १९८३ मध्ये सुचवलं की तुरुंग समवर्ती सूचीत घाला, म्हणजे संसदेला देशभर एक कायदा करता येईल. तो विचार अधूनमधून डोकं वर काढतो. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तेव्हा अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये जात पाहून कामं वाटण्याची कलमं तशीच असल्याचं उघड झालं. स्वयंपाक कोणी करायचा, संडास कोणी साफ करायचा, हे जन्मावरून! राज्यघटना लागू होऊन पंचाहत्तर वर्षं होत आली होती आणि राज्यांना आपल्या नियमावल्या एकदा वाचून काढायला सवड झाली नव्हती. पण त्याच निकालात न्यायालयानं केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमावलीवर आणि २०२३ च्या आदर्श कायद्यावरही बोट ठेवलं. दिल्लीच्या मसुद्यातही जातीचा प्रश्न धड सुटला नव्हता. कागद दिल्लीत लिहिला म्हणून तो शहाणा होत नाही.

आणि उलट बाजूचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्यानं एक वसाहत काढली. खुनाची शिक्षा झालेले कैदी तिथं भिंतीशिवाय, बेडीशिवाय, बायकामुलांसह राहून माळरानावर शेती करू लागले. तिचं नाव स्वतंत्रपूर. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांनी ही गोष्ट लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपटाचं कौतुक सगळे करतात, मला कौतुक वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. औंध एवढंसं संस्थान, त्याच वर्षी त्यानं प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. कैदी कुठल्या गावचा, त्याचं घर कोणतं, त्यानं कोणाला मारलं, हे राज्यकर्त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याला कैद्यावर भरवसा टाकता आला. शेजारच्या मुंबई प्रांताला हे सुचलं नव्हतं. विलीनीकरणानंतर वसाहत मुंबई राज्याकडे आणि पुढे महाराष्ट्राकडे आली आणि ती आजही आहे. आहे, पण नमुना म्हणून. खुल्या वसाहतींची सावकाश वाढ पाहिली की वाटतं, आपण स्वतंत्रपूर जपलं, त्याचं अनुकरण केलं नाही.

तेव्हा सूची बदलण्याच्या वादात मला फारसा रस नाही. दिल्लीनं आत्ताही पुष्कळ केलं आहे, कायदा न बदलता, पैशाच्या जोरावर. २००२ पासून सात वर्षं १८०० कोटींची आधुनिकीकरण योजना चालली, तीन हिस्से केंद्राचे, एक राज्याचा. त्यातून नवे तुरुंग आणि बराकी उभ्या राहिल्या. पुढे ९५० कोटींची दुसरी योजना आली. भिंती वाढल्या, गर्दी कमी झाली नाही. २०२३ मध्ये केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली: जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता येत नसेल तर चाळीस हजारांपर्यंत, दंड भरता येत नसेल तर पंचवीस हजारांपर्यंत मदत. कल्पना उत्तम. मंजुरीला जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, तुरुंग अधीक्षक असे सगळे बसले पाहिजेत. पैसे केंद्राचे, यादी तुरुंगाची, बैठक जिल्ह्याची. वापर तोकडा झाला आणि गृह मंत्रालयाला राज्यांना स्मरणपत्रं लिहावी लागली. वकीलसाहेब असते तर एका दुपारी दहा अर्ज लिहून मोकळे झाले असते.

हे जमतच नाही असंही नाही. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं प्रत्येक राज्यात एक उच्चाधिकार समिती बसली: न्यायाधीश, गृह सचिव, तुरुंग महासंचालक, तिघंही एकत्र. महाराष्ट्रातून काही महिन्यांत दहा हजारांहून अधिक कैदी तात्पुरते बाहेर आले. केंद्राच्या आणि राज्याच्या विशेष कायद्यांखालचे वगळले गेले, त्याबद्दल वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण एरवी कोणालाच जमत नाही ते त्या दोन-तीन महिन्यांत जमलं, कारण पाठवणारे आणि ठेवणारे समोरासमोर बसले. साथ सरली तशा समित्याही विसर्जित झाल्या. अशी समिती कायम का नसावी, याचं उत्तर मी कोणत्याही सरकारकडून ऐकलेलं नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नं अधीक्षकावर एक कर्तव्य टाकलं आहे: पहिल्यांदाच आत आलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत काढली, इतरांनी निम्मी काढली, की अधीक्षकानं स्वतः न्यायालयाला अर्ज करायचा. काही अपवाद आहेत, तरी तुरुंगाला सुटकेबद्दल तोंड उघडायचा अधिकार मिळाला, हे मी लहान मानत नाही.

एक पातळी राहिली. जिल्हा परिषद, महापालिका यांचा तुरुंगाशी कायद्यानं काही संबंध नाही. नळाचं पाणी आणि कचरागाडी एवढाच. पण गावाचा संबंध असावा अशी सोय नियमावलीत फार पूर्वीपासून आहे, ती अभ्यागत मंडळाची. जिल्हा न्यायाधीश आणि जिल्हाधिकारी पदसिद्ध अभ्यागत, आणि त्यांच्या जोडीला सरकारनं नेमायचे अशासकीय अभ्यागत, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे नागरिक. त्यांनी तुरुंगात जायचं, बराकी पाहायच्या, अन्न चाखायचं, कैद्यांशी बोलायचं आणि जे दिसलं ते अभ्यागतांच्या वहीत लिहायचं. अधीक्षकाला त्या शेऱ्यावर खुलासा जोडून तो वरिष्ठांकडे पाठवावा लागतो. या नेमणुका अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं होत नाहीत, झाल्याच तर सत्ताधाऱ्यांच्या कार्यकर्त्यांची सोय म्हणून होतात. आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगाचे अशासकीय अभ्यागत कोण आहेत, शेवटचा शेरा वहीत कधी पडला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. या सभागृहात वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. अर्ज दहा रुपयांचा आहे. उत्तर आलं की रिकाम्या जागांसाठी नावं सुचवायला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. मी येईन बरोबर.